प्रारंभीकरण, जावा भाषेतील

जावा या भाषेत लिहिलेली संगणकीय आज्ञावली चालू असताना तिच्यातील वर्गांच्या व वस्तूंच्या चलांना पहिली मूल्ये देण्याच्या क्रियेस प्रारंभीकरण असे म्हणतात. ही क्रिया कोणत्या क्षणी सुरू व्हावी, तिच्या पायऱ्या कोणत्या क्रमाने पार पडाव्यात आणि ती अर्धवट असताना आज्ञावलीच्या इतर भागांना काय दिसावे, हे भाषेच्या विनिर्देशात काटेकोरपणे ठरवून दिलेले आहे. यंत्र बदलले वा कंपायलर बदलला, तरी या क्रमात फरक पडत नाही.

सी व सी++ या भाषांत ज्या स्थानिक चलास मूल्य दिलेले नाही, त्याच्या ठिकाणी स्मृतीत आधीपासून पडून असलेला कोणताही आकडा वाचला जाण्याचा धोका असतो. जावाच्या रचनाकारांनी हा धोका दोन उपायांनी दूर केला. एखादा स्थानिक चल मूल्य मिळण्यापूर्वी वाचला जाण्याचा संभव असेल, तर जावाचा कंपायलर ती आज्ञावली स्वीकारतच नाही. वर्गाच्या व वस्तूच्या चलांना मात्र स्मृतीत जागा मिळताच शून्य, ‘फॉल्स’ अथवा ‘नल’ यांपैकी प्रकारानुरूप एक मूल्य आपोआप प्राप्त होते. त्यास डिफॉल्ट मूल्य म्हणतात. त्यामुळे निरर्थक आकडा कधीच हाती येत नाही. शून्य मात्र येऊ शकते, आणि शून्य दिसण्यात अगदी सभ्य असते. व्याजाच्या हिशेबात अब्जावधींचा विचित्र आकडा आला, तर तो कोणाच्याही लक्षात येतो. व्याज शून्य आले, तर ती गोष्ट खातेदाराच्या ध्यानात येईपर्यंत कित्येक महिने लोटू शकतात. डिफॉल्ट मूल्य मिळणे आणि आज्ञावलीकाराने योजिलेले मूल्य मिळणे, यांमध्ये जो अल्प काळ जातो त्या काळात चल वाचला गेल्यामुळे या विषयातील बहुतेक चुका घडतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्या मधल्या काळाकडे विशेष लक्ष दिले आहे.

पार्श्वभूमी : जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी यांनी सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत १९९१ मध्ये या भाषेचे काम हाती घेतले. भाषा १९९५ मध्ये जाहीर झाली आणि तिच्या साधनसंचाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये निघाली. गॉस्लिंग, बिल जॉय व गाय स्टील यांनी लिहिलेला भाषेचा विनिर्देशही १९९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ओरॅकल कंपनीने २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतल्यानंतर भाषेची जबाबदारी ओरॅकलकडे आली.

सी++ मध्ये एक जुनी अडचण होती. मोठी आज्ञावली अनेक फायलींत विभागलेली असते. एका फायलीतील सार्वत्रिक वस्तू आधी तयार होईल की दुसऱ्या फायलीतील, हे त्या भाषेच्या नियमांनी निश्चित होत नसे. एका वस्तूस दुसरीची गरज असल्यास आज्ञावली चालणे वा न चालणे फायली कोणत्या क्रमाने जोडल्या गेल्या यावर, म्हणजे जवळजवळ योगायोगावर, अवलंबून राही. जावाने हा प्रश्न मुळातूनच टाळला. सर्व वर्गांचे प्रारंभीकरण आरंभीच एकदम न करता, ज्या वर्गाची प्रथम गरज लागेल त्याचे त्या क्षणी करावे, असा नियम तिने स्वीकारला. या नियमाने योगायोग संपला. पण क्रम आता आज्ञावलीच्या प्रत्यक्ष वाटचालीवर अवलंबून राहू लागला, व तो समजण्यासाठी ती वाटचाल मनात चालवून पाहणे आवश्यक झाले.

काही संज्ञा : वर्ग अथवा ‘क्लास’ हा वस्तूंचा आराखडा होय. त्या आराखड्यावरून ‘न्यू’ या आज्ञेने प्रत्यक्ष वस्तू निर्माण करतात. ‘स्टॅटिक’ असे घोषित केलेला चल संपूर्ण वर्गास मिळून एकच असतो. त्यास येथे वर्गचल म्हटले आहे. इतर चल प्रत्येक वस्तूचे वेगळे असतात; त्यांस वस्तुचल म्हटले आहे. वस्तू तयार होताना चालणाऱ्या विशेष आज्ञासमूहास कन्स्ट्रक्टर म्हणतात, तर वर्गाच्या वा वस्तूच्या नावाने हाक मारून चालविता येणाऱ्या आज्ञासमूहास मेथड म्हणतात. एक वर्ग दुसऱ्याचा विस्तार करून बनविता येतो. मूळ वर्ग तो जनकवर्ग व विस्तारलेला तो उपवर्ग. जनकवर्गातील मेथड उपवर्गात नव्याने लिहिता येते, व हाक मारली असता वस्तूच्या खऱ्या प्रकारानुसार नवी मेथड चालते.

पुढील उदाहरणांत वर्गांना व चलांना मराठी नावे दिली आहेत. ती केवळ वाचकाच्या सोयीसाठी कल्पिलेली नाहीत. जावाची आज्ञावली युनिकोड या वर्णसंकेतात लिहिली जाते आणि देवनागरी अक्षरांची नावे कंपायलरला चालतात. भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन लिपीत लिहावे लागतात. व्यवहारात मात्र अशी नावे क्वचितच आढळतात.

वर्गाचे प्रारंभीकरण : कंपायलरने तयार केलेला बाइटकोड जावा व्हर्च्युअल मशीन हे आभासी यंत्र चालविते. वर्ग वापरात येण्यापूर्वी तीन अवस्थांतून जातो. प्रथम त्याचा बाइटकोड स्मृतीत आणला जातो. नंतर त्याची जोडणी होते. तीत बाइटकोडची तपासणी होते व वर्गचलांना जागा मिळून त्यांत डिफॉल्ट मूल्ये भरली जातात. शेवटची अवस्था प्रारंभीकरणाची. तीत वर्गचलांच्या घोषणांमध्ये लिहिलेली मूल्ये आणि ‘स्टॅटिक’ शीर्षकाखालील आज्ञागट हे सर्व, ज्या क्रमाने लिहिलेले असतील त्याच क्रमाने, वरून खाली चालविले जातात. कंपायलर या साऱ्यांची मिळून एक गुप्त मेथड बनवितो. ती प्रत्येक वर्गासाठी एकदाच चालते. ती चालण्यापूर्वी जनकवर्गाचे व त्याच्याही जनकवर्गाचे प्रारंभीकरण पूर्ण झालेले असावे लागते.

वर्ग स्मृतीत आणणे व त्याचे प्रारंभीकरण करणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे नवशिक्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पहिली केव्हा व्हावी याबाबत यंत्राला बरीच मोकळीक आहे. दुसरीबाबत मुळीच नाही. वर्गाची वस्तू निर्माण करणे, त्याची स्टॅटिक मेथड चालविणे, त्याच्या वर्गचलास मूल्य देणे किंवा स्थिरांक नसलेला वर्गचल वाचणे, यांपैकी काही प्रथम घडत असेल त्या क्षणीच प्रारंभीकरण होते. ज्या वर्गापासून आज्ञावली सुरू होते त्याचे प्रारंभीकरण अर्थातच आरंभीच होते. याउलट त्या वर्गाच्या वस्तूंसाठी नुसती रांग, म्हणजे ‘ॲरे’, तयार केल्याने प्रारंभीकरण होत नाही. जनकवर्गात घोषित केलेला वर्गचल उपवर्गाच्या नावाने वाचला, तर केवळ जनकवर्गाचे प्रारंभीकरण होते. उपवर्ग झोपलेलाच राहतो. उपवर्गाच्या स्टॅटिक आज्ञागटात काही महत्त्वाची व्यवस्था लिहून ठेवलेल्याला हा नियम पहिल्यांदा भेटतो, तेव्हा तो कंपायलरलाच दोष देतो.

विदासंचयांशी जोडणी करणाऱ्या जेडीबीसी या व्यवस्थेत या नियमांचा उपयोग अनेक वर्षे हेतुपूर्वक करण्यात आला. प्रत्येक विदासंचयासाठी त्याच्या निर्मात्याने पुरविलेला एक जोडवर्ग, म्हणजे ‘ड्रायव्हर’, असे. त्याच्या स्टॅटिक आज्ञागटात स्वतःची नोंद मुख्य व्यवस्थापकाकडे करण्याची आज्ञा लिहिलेली असे. वापरणाऱ्याने ‘क्लास डॉट फॉरनेम’ या मेथडला वर्गाचे नाव द्यावयाचे, एवढेच काम. तिने वर्गाचे प्रारंभीकरण होई व नोंद आपोआप होऊन जाई. जावाच्या २००६ मधील सहाव्या आवृत्तीबरोबर आलेल्या जेडीबीसी ४.० पासून ड्रायव्हर आपोआप शोधले जाऊ लागले, व ती ओळ लिहिण्याची गरज उरली नाही. तरीही ती जुन्या आज्ञावल्यांत आजही आढळते. ‘क्लास डॉट फॉरनेम’ऐवजी वर्गाच्या नावापुढे नुसते ‘डॉट क्लास’ लिहून तोच परिणाम साधेल, असे काहींना वाटे. जावाच्या १.४ पर्यंतच्या कंपायलरांत तसे घडतही असे, कारण कंपायलर त्या लेखनाचे रूपांतर त्याच मेथडच्या हाकेत करी. विनिर्देशाने त्याची हमी कधीच दिलेली नव्हती. २००४ मधील पाचव्या आवृत्तीपासून ती सवय बदलली, आणि तिच्यावर विसंबलेल्या आज्ञावल्या एकाएकी बंद पडल्या.

स्थिरांकांचा अपवाद : ‘फायनल’ म्हणून घोषित केलेला, मूलभूत प्रकारचा अथवा अक्षरमालेच्या प्रकारचा आणि संकलनाच्या वेळीच ज्याची किंमत काढता येते असा चल हा स्थिरांक समजला जातो. जेथे जेथे त्याचा उल्लेख येतो, तेथे तेथे कंपायलर प्रत्यक्ष मूल्यच लिहून टाकतो. त्यामुळे तो वाचल्याने मूळ वर्गाचे प्रारंभीकरण होत नाही; त्या वर्गाची फाइल वाचण्याचीही गरज पडत नाही. याचा एक दुष्परिणाम असा की, मूळ वर्गात स्थिरांक बदलून फक्त तोच वर्ग पुन्हा संकलित केला, तर इतर वर्गांत जुनेच मूल्य राहते. कराचा दर स्थिरांक म्हणून लिहून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

लेखनक्रमाचे महत्त्व : वरून खाली हा नियम साधा दिसतो. तो कसा फसवितो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘नोंदवही’ नावाच्या वर्गाची संपूर्ण आज्ञावलीत एकच वस्तू असावी, अशी योजना आहे. वर्गाच्या पहिल्या ओळीत ‘एकमेव’ या वर्गचलात नवी नोंदवही निर्माण करून ठेवली आहे. दुसऱ्या ओळीत ‘पृष्ठसंख्या’ या वर्गचलास २०० हे मूल्य दिले आहे. तिसऱ्या ओळीत ‘वह्या’ या वर्गचलास शून्य हे मूल्य दिले आहे. कन्स्ट्रक्टर ‘पृष्ठसंख्या’ इतक्या लांबीची रांग तयार करतो व ‘वह्या’ एकने वाढवितो.

वर्गाचे प्रारंभीकरण सुरू होते तेव्हा तिन्ही चलांत डिफॉल्ट मूल्ये असतात. पहिली ओळ कन्स्ट्रक्टरला हाक मारते. त्या वेळी दुसरी ओळ चाललेली नसल्यामुळे ‘पृष्ठसंख्या’ शून्य असते, आणि नोंदवही शून्य पानांची बनते. ‘वह्या’ मात्र एक होते. मग दुसरी ओळ चालून ‘पृष्ठसंख्या’ २०० होते, पण वही तोवर तयार झालेली असते. तिसरी ओळ ‘वह्या’ पुन्हा शून्य करते. अशा रीतीने एक वही अस्तित्वात असून तिची मोजदाद शून्य राहते, व तिच्यात पहिली नोंद लिहू जाताच आज्ञावली रांगेबाहेर गेल्याची तक्रार करते. ती तक्रार मूळ चुकीपासून फार दूर, बहुधा दुसऱ्याच कोणाच्या फायलीत, उमटते. पहिली ओळ तिसरीच्या खाली नेली की सारे सुरळीत होते.

याच उदाहरणात ‘पृष्ठसंख्या’ला ‘फायनल’ हा शब्द जोडला, तर ओळींचा क्रम न बदलताही वही २०० पानांची होते. कारण आता ती स्थिरांक ठरून कन्स्ट्रक्टरमध्ये २०० हा आकडाच लिहिला जातो. ‘फायनल’ तसाच ठेवून २०० हे मूल्य एखाद्या मेथडकडून मागविले, तर ती स्थिरांक राहत नाही, आणि शून्य परत येते. एका शब्दाने उत्तर बदलावे, ही गोष्ट भाषेच्या दृष्टीने सुसंगत असली तरी वाचणाऱ्याच्या दृष्टीने गैरसोयीची आहे, असेच म्हणावे लागेल.

कंपायलर येथे काही प्रमाणात मदत करतो. एखाद्या चलाचे प्रारंभिक मूल्य लिहिताना त्याच्या खाली घोषित केलेला चल साध्या नावाने वाचल्यास तो चूक दाखवितो. परंतु त्याची नजर त्या ओळीपुरतीच असते. तेथून एखादी मेथड अथवा कन्स्ट्रक्टर चालविला व त्याने खालचा चल वाचला, तर ते त्याला दिसत नाही. एनम या प्रकारात, जेथे वर्गाच्या ठरावीक वस्तू सर्वांत आधीच निर्माण होतात, हा धोका अटळ होता. म्हणून एनमच्या कन्स्ट्रक्टरमध्ये त्याच एनमचे, स्थिरांक नसलेले वर्गचल वाचण्यास विनिर्देशाने बंदी घातली आहे.

आधी वर्गाचे स्टॅटिक भाग व मग वस्तूचे भाग, हे सूत्र पाठ्यपुस्तकांतून नेहमी दिलेले आढळते. ते ढोबळमानाने खरे आहे. नोंदवहीच्या उदाहरणात मात्र वस्तू पूर्ण झाली तेव्हा वर्गाचे प्रारंभीकरण अर्धेच झालेले होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

परस्परावलंबी वर्ग : ‘क’ या वर्गातील वर्गचलाचे मूल्य ‘ख’ वर्गाच्या चलात एक मिळवून येते व ‘ख’मधील चलाचे मूल्य ‘क’च्या चलात एक मिळवून येते, असे समजू. ‘क’ला प्रथम स्पर्श झाला, तर त्याचे प्रारंभीकरण सुरू होऊन ते ‘ख’चे प्रारंभीकरण मागते, ‘ख’ उलट ‘क’कडे येतो. ‘क’चे काम याच थ्रेडमध्ये चालू आहे असे पाहून यंत्र पुन्हा ते सुरू करीत नाही, तर ‘क’चे त्या क्षणी असलेले शून्य हे मूल्य ‘ख’ला देते. परिणामी ‘ख’ एक व ‘क’ दोन होतो. ‘ख’ला प्रथम स्पर्श झाला असता नेमके उलट घडते. आज्ञावलीत कोठेही काही न बदलता, केवळ कोणता वर्ग आधी वापरला गेला यावर उत्तर ठरते.

एकाच वेळी अनेक थ्रेड चालू असतील, तर स्थिती अधिक गंभीर होते. प्रत्येक वर्गाच्या प्रारंभीकरणासाठी यंत्र एक स्वतंत्र कुलूप वापरते. एक थ्रेड काम करीत असताना दुसऱ्याने तोच वर्ग मागितला, तर त्याला काम संपेपर्यंत थांबावे लागते. वरील उदाहरणात एका थ्रेडने ‘क’ व त्याच सुमारास दुसऱ्याने ‘ख’ सुरू केला, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे थांबून राहतात. या कोंडीत कोणताही अपवाद उद्भवत नाही, कोणतीही सूचना छापली जात नाही, आणि सामान्य कुलपांची कोंडी शोधणाऱ्या साधनांनाही ती सहसा सापडत नाही. जनकवर्गाच्या वर्गचलात उपवर्गाचीच वस्तू ठेवण्याची पद्धत याच कारणाने धोक्याची आहे, कारण उपवर्गास जनकवर्ग लागतोच.

प्रारंभीकरणात अपवाद उद्भवला, तर तो वर्ग कायमचा निकामी ठरतो; यंत्र पुन्हा प्रयत्न करीत नाही. प्रथम मागणाऱ्यास ‘एक्सेप्शन इन इनिशियलायझर एरर’ हा दोष मिळतो व त्यात मूळ कारण नमूद असते. त्यानंतर मागणाऱ्या प्रत्येकास मात्र वर्गाची व्याख्या सापडली नाही, अशा अर्थाचा वेगळाच दोष मिळतो. नोंदी चाळणाऱ्याच्या नजरेस हा दुसरा दोष शेकडो वेळा पडतो आणि तो हरवलेली फाइल शोधू लागतो. फाइल जागेवरच असते. अलीकडच्या आवृत्त्यांत दुसऱ्या दोषाबरोबरही मूळ कारण छापले जाऊ लागल्याने हा शोध बराच सोपा झाला आहे.

इंटरफेसच्या बाबतीत नियम थोडे सैल आहेत. वर्गाबरोबर त्याच्या इंटरफेसांचे प्रारंभीकरण पूर्वी होत नसे. २०१४ मधील आठव्या आवृत्तीत इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड लिहिता येऊ लागल्या, तेव्हापासून ज्या इंटरफेसांत अशा मेथड आहेत तेवढ्यांचे होते.

वस्तूचे प्रारंभीकरण : ‘न्यू’ ही आज्ञा मिळाल्यावर संपूर्ण वस्तूसाठी, म्हणजे जनकवर्गांनी घोषित केलेल्या चलांसह, स्मृतीत एकच सलग जागा घेतली जाते आणि सर्व वस्तुचलांना डिफॉल्ट मूल्ये मिळतात. मग निवडलेला कन्स्ट्रक्टर सुरू होतो. त्याने त्याच वर्गाच्या दुसऱ्या कन्स्ट्रक्टरकडे काम सोपविले असल्यास तो चालतो. तसे नसल्यास जनकवर्गाच्या कन्स्ट्रक्टरला हाक जाते. ती हाक लिहिलेली नसेल, तर कंपायलर स्वतः घालतो. याप्रमाणे साखळी सर्व वर्गांचा मूळ जनक असलेल्या ‘ऑब्जेक्ट’ वर्गापर्यंत वर जाते व तेथून काम खाली उतरू लागते. प्रत्येक पातळीवर प्रथम त्या वर्गाच्या वस्तुचलांची लिहिलेली मूल्ये व वस्तूचे आज्ञागट लेखनक्रमाने चालतात आणि मग कन्स्ट्रक्टरचा उरलेला भाग चालतो. घोषणेच्या ओळीत लिहिलेले मूल्य कन्स्ट्रक्टरच्या आधी मिळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ते मूल्य जनकवर्गाच्या कन्स्ट्रक्टरनंतर मिळते, हा तिचा महत्त्वाचा उरलेला अर्धा भाग होय.

‘खाते’ हा जनकवर्ग व ‘बचतखाते’ हा त्याचा उपवर्ग घेऊ. ‘बचतखाते’ या वर्गाची पहिली वस्तू निर्माण करताना खात्याचे स्टॅटिक भाग, बचतखात्याचे स्टॅटिक भाग, खात्याचे वस्तुचल, खात्याचा कन्स्ट्रक्टर, बचतखात्याचे वस्तुचल व शेवटी बचतखात्याचा कन्स्ट्रक्टर असा क्रम लागतो. दुसरी वस्तू निर्माण करताना पहिले दोन टप्पे पुन्हा होत नाहीत.

आता खात्याचा कन्स्ट्रक्टर वार्षिक व्याज काढून ठेवतो व त्यासाठी ‘दर’ या मेथडला विचारतो, असे समजू. बचतखात्यात ही मेथड नव्याने लिहिलेली असून ती ‘टक्के’ या वस्तुचलाचे मूल्य परत देते. ‘टक्के’च्या घोषणेत ४ हा आकडा लिहिलेला आहे. ५०,००० रुपये शिलकीवर २,००० रुपये व्याज अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ते शून्य येते. कारण खात्याचा कन्स्ट्रक्टर चालू असतानाही वस्तू बचतखात्याचीच असल्यामुळे बचतखात्याची ‘दर’ मेथड चालते, आणि ‘टक्के’ला ४ हे मूल्य मिळण्याचा टप्पा अद्याप पुढे असतो. क्षणभराने ‘टक्के’ ४ होतो. नंतर वस्तू तपासून पाहणाऱ्यास दर ४ दिसतो, शिल्लक ५०,००० दिसते आणि व्याज शून्य दिसते. गुणाकार चुकला असावा असे वाटण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

येथे सी++ ची वाट वेगळी आहे. त्या भाषेत जनकवर्गाचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत वस्तू जनकवर्गाचीच मानली जाते, आणि जनकवर्गाची मेथड चालते. त्यामुळे अर्धवट तयार झालेला उपवर्ग वापरला जात नाही, पण नव्याने लिहिलेली मेथडही चालत नाही. जावाने वस्तूचा प्रकार जन्मापासून एकच ठेवला. दोन्ही निर्णयांना आपापली किंमत आहे. जावाची किंमत अधिक अदृश्य आहे, हे प्रस्तुत लेखकाचे मत.

‘फायनल’ या शब्दाने येथेही निश्चिंत होता येत नाही. ‘टक्के’ फायनल करून घोषणेतच ४ लिहिले, तर तो स्थिरांक होऊन व्याज बरोबर २,००० येते. तोच फायनल चल कन्स्ट्रक्टरला दिलेल्या आकड्यावरून भरला जात असेल, तर एकदाच मूल्य घेणारा म्हणून जाहीर झालेला हा चल आधी शून्य व मग ४ अशी दोन रूपे दाखवितो. आणखी एक प्रकार याहून बेमालूम आहे. जनकवर्गाने हाक मारलेल्या मेथडने उपवर्गाच्या चलात एखादी उपयुक्त वस्तू ठेवली, आणि त्या चलाच्या घोषणेत सवयीने ‘नल’ असे मूल्य लिहिलेले असले, तर पुढच्या टप्प्यात ती वस्तू पुसली जाते. घोषणेतील ते दोन शब्द काढून टाकले की दोष नाहीसा होतो. डिफॉल्ट मूल्य लिहिले काय आणि न लिहिले काय सारखेच, हा समज अशा वेळी महागात पडतो.

जोशुआ ब्लॉक यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इफेक्टिव्ह जावा या ग्रंथात, उपवर्गाला नव्याने लिहिता येईल अशी मेथड कन्स्ट्रक्टरमधून चालवू नये, असा नियम सांगितला. तो सर्वमान्य झालेला आहे. खात्याच्या उदाहरणात व्याज आधीच काढून न ठेवता मागितले तेव्हा काढणे, किंवा दर हा जनकवर्गाच्या कन्स्ट्रक्टरला बाहेरून देणे, हे दोन्ही मार्ग सरळ आहेत.

भाषेनेही अखेर आपल्या बाजूने एक वाट मोकळी केली. जनकवर्गाच्या कन्स्ट्रक्टरची हाक ही कन्स्ट्रक्टरमधील पहिलीच आज्ञा असली पाहिजे, असा नियम आरंभापासून होता. मार्च २०२४ मधील बाविसाव्या आवृत्तीपासून तो प्रायोगिक स्वरूपात शिथिल करण्यात आला आणि सप्टेंबर २०२५ मधील पंचविसाव्या आवृत्तीत ही शिथिलता कायम झाली. आता त्या हाकेपूर्वी दिलेल्या आकड्यांची तपासणी करता येते, व ज्याच्या घोषणेत मूल्य लिहिलेले नाही अशा आपल्याच वर्गाच्या चलास मूल्यही देता येते. ‘टक्के’ला असे आधीच मूल्य दिल्यास खात्याच्या कन्स्ट्रक्टरमधून चाललेली ‘दर’ मेथड ४ वाचते. त्या काळात वस्तू वाचण्यास वा तिच्या मेथड चालविण्यास मात्र अद्यापही मनाई आहे.

अनेक थ्रेड व प्रारंभीकरण : कन्स्ट्रक्टर पूर्ण होण्यापूर्वीच वस्तूचा पत्ता दुसऱ्या थ्रेडला मिळाला, तर त्या थ्रेडलाही डिफॉल्ट मूल्ये दिसू शकतात. पाचव्या आवृत्तीबरोबर २००४ मध्ये सुधारलेल्या स्मृति-नियमांनी अशी हमी दिली की, कन्स्ट्रक्टर संपेपर्यंत वस्तू बाहेर जाऊ दिली नाही, तर तिचे फायनल चल सर्व थ्रेडांना योग्यच दिसतील. इतर चलांसाठी कुलूप वा तत्सम योजना आवश्यक असते.

वर्गाच्या प्रारंभीकरणातील कुलपाचा उपयोगही करून घेता येतो. एखादी खर्चिक वस्तू प्रथम गरज लागेल तेव्हाच आणि एकदाच निर्माण व्हावी, अशी इच्छा असल्यास तिच्यासाठी आत एक छोटा स्वतंत्र वर्ग लिहून त्याच्या एकमेव वर्गचलात ती ठेवतात. तो चल प्रथम वाचला जाईपर्यंत छोट्या वर्गाचे प्रारंभीकरण होत नाही. झाले की एकाच थ्रेडकडून होते, व इतर थ्रेड तोवर थांबतात. वेगळे कुलूप लिहावे लागत नाही.

ग्राल-व्हीएम या संचातील साधनाने जावाच्या आज्ञावलीपासून थेट यंत्रभाषेची फाइल बनविताना निवडक वर्गांचे प्रारंभीकरण फाइल बनविण्याच्या वेळीच उरकता येते. त्यामुळे आज्ञावली लवकर सुरू होते. अशा वर्गाच्या वर्गचलात चालू वेळ, यादृच्छिक संख्यांचे बीज अथवा यंत्राच्या रचनेविषयीची माहिती साठविली असेल, तर फाइल ज्या यंत्रावर बनली तेथील मूल्य तिच्यात गोठून राहते, आणि ती फाइल ज्या ज्या यंत्रावर चालेल तेथे तेच मूल्य वापरले जाते.